हन्ना त्या वर्षी शिलोला गेली नाही

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच बाळंतपणानंतरच्या दिवसांबद्दल आहेत, म्हणून सगळं पान त्यांनाच दिलं आहे. मी प्रसूती विभागात परिचारिका होते. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला मंडळाचं काम बघते. बाळंतिणीची खोली मी दोन्हीकडून पाहिली आहे, वॉर्डातून आणि प्रार्थनेला गेलेल्या घरांतून. जे लिहिते आहे ते तिथलं आहे.

प्रश्न: ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम. मला आठवा महिना लागला आहे, पहिलंच बाळ. दवाखान्याची बॅग भरून झाली, दुपटी धुऊन झाली, पण त्याच्या पुढचं कुणी बोलतच नाही. लग्नाच्या आधीपासून पहाटे उठून शास्त्रवाचन आणि प्रार्थना करायची माझी सवय आहे. संडे स्कूलमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते, गायनमंडळात आहे. बाळ झालं की हे सगळं सुटेल आणि मी प्रभूपासून लांब जाईन, अशी भीती वाटते. शिवाय आमच्या मंडळीत बाळ झालं की प्रार्थनेसाठी घर भरून माणसं येतात. त्यांना नाही कसं म्हणू? या काळाची तयारी विश्वासात राहून कशी करावी?

उत्तर: सलाम, बाळा. आधी बायबलमधल्या 1 शमुवेलचा पहिला अध्याय काढ आणि एकविसाव्या वचनापासून पुढे वाच. हन्नाची गोष्ट तू वर्गात शिकवली असशील. ती शिलो इथल्या मंदिरात मुलासाठी रडून प्रार्थना करते, एली याजकाला वाटतं ती प्यायली आहे, मग तिला शमुवेल होतो. तिथून आपण एकदम त्याला मंदिरात सोडण्याच्या प्रसंगावर जातो आणि मधली वचनं राहून जातात. तिचा नवरा एलकाना सगळ्या घराला घेऊन वार्षिक यज्ञासाठी निघाला, तेव्हा हन्नाने सांगितलं की मुलाचं दूध तुटेपर्यंत मी येत नाही. त्या काळी मूल वर्ष-दोन वर्षं सहज अंगावर पीत असे, म्हणजे तिने एखादा रविवार चुकवला असं हे नाही. ज्या देवाने मूल दिलं त्याच्याच सणाला ती गेली नाही. तुला बरं वाटेल ते कर, असं सांगून एलकाना गेला. ती घरी राहिली आणि तिने मुलाला पाजलं. शास्त्र तिला एका अक्षराने बोल लावत नाही.

तुझ्या भीतीला माझं पहिलं उत्तर हेच. जे काही महिने तू वर्ग घेणार नाहीस, गाणार नाहीस, पहाटे उठून बसणार नाहीस, ते देवाच्या हिशेबात गैरहजेरी म्हणून पडत नाहीत. बाळाला पाजणं हीच त्या दिवसांतली तुझी सेवा आहे.

आता तयारीचं. तुझं डोकं आज शांत आहे, झोप होते आहे. बाळ झाल्यावर झोपेचे तुकडे होतात आणि तेव्हा प्रत्येकाला हो किंवा नाही सांगत बसणं फार जड जातं. म्हणून निर्णय आत्ताच घ्यायचे आणि नवऱ्याला शेजारी बसवून कागदावर उतरवायचे. वर्ग कोण सांभाळणार, हे या महिन्यातच पाळकांशी बोलून ठरव. परत येण्याची तारीख मात्र देऊ नकोस. तारीख दिली की ती जवळ येईल तसा जीव टांगणीला लागतो. 'तयार झाले की मी सांगेन' एवढं पुरे.

भेटीला येणाऱ्यांचं तर अगदी उघडपणे ठरव. लोक प्रेमाने येतात, त्यात शंका नाही. पण टाके ओढत असताना, छातीला लावलेलं बाळ नीट पीत नसताना, समोर दहा माणसं बसून तीन गाणी आणि लांब प्रार्थना करतात, तेव्हा ती बाई पदर सावरून हसत बसते आणि बाळ उपाशी रडतं. हे मी कितीदा पाहिलं आहे! पाळकांना आधीच सांग की पहिले काही आठवडे एका वेळी दोघंच यावीत, पंधरा मिनिटांत उठावीत आणि बाकीच्यांनी आपापल्या घरून प्रार्थना करावी. हे पाळकांनी मंडळीत जाहीर केलं की तुला कुणाला नाही म्हणावं लागत नाही. ज्यांना काहीतरी करायचंच आहे त्यांच्यासाठी महिला मंडळातल्या एकीला नेम. कोण कोणत्या दिवशी जेवण देणार, कोण कपडे धुऊन देणार, ही यादी तिच्याकडे राहू दे. तुझ्या फोनवर नको. एकमेकांची ओझी वाहा, असं गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. ओझं वाहणारा हवा तसं ते खांद्यावरून उतरवू देणाराही हवा, आणि तुझ्यासारख्या सेवेत पुढे असणाऱ्या मुलींना नेमकं तेच अवघड जातं.

आपल्यात नीतिसूत्रे 31 मधली सद्गुणी स्त्री प्रत्येक नवरीला ऐकवतात. त्याच अध्यायात तिच्या घरी दासी आहेत आणि तिची मुलं उठून तिला धन्य म्हणण्याएवढी मोठी झालेली आहेत. पंधरा दिवसांच्या बाळंतिणीसमोर तो अध्याय ठेवणं मला मुळीच पटत नाही. तिच्यासाठी यशया 40:11 आहे. तिथे मेंढपाळ पाजणाऱ्या मेंढ्यांना सांभाळून, हळूहळू नेतो. कळपाचा वेग तो त्यांच्यासाठी कमी करतो.

तुझ्या शास्त्रवाचनाबद्दल. नवजात बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पितं, आणि सुरुवातीला एकेक वेळ अर्धा-पाऊण तास चालते. तुझी ठरलेली पहाट त्यात उरणार नाही. पण पाजायला तू बसणारच आहेस. तेव्हा आत्ताच बसायची जागा ठरव. पाठीला टेकू, हाताशी पाण्याची बाटली, आणि मान वर केली की नजर जाईल तिथे भिंतीवर एक जाड कागद. त्यावर स्तोत्र 121 मोठ्या अक्षरात लिही, इतकं मोठं की रात्रीच्या मंद दिव्यातही चष्म्याशिवाय वाचता येईल. आठच वचनं आहेत. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही, असं त्यात आहे. रात्री तीन वाजता हे वाचणाऱ्या बाईला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. एका वेळी एकच वचन झालं तरी चालेल, तेच चार दिवस वाचलंस तरी चालेल. शास्त्र वाचून दाखवणारं ध्वनिमुद्रण फोनमध्ये भरून ठेव. ऐकता ऐकता झोप लागली तर लागू दे, मात्र त्याआधी बाळाला त्याच्या जागेवर झोपव.

शरीराबद्दल थोडं, कारण ते कुणी नीट सांगत नाही. वार, म्हणजे प्लॅसेंटा, पडल्यावर गर्भाशयाच्या आत तळहाताएवढी जखम राहते. ती भरून यायला आणि गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर अंगावरून जात राहतं, आधी लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळट. तपकिरी झालेलं एखाद्या दिवशी घरकाम केल्यावर पुन्हा लाल झालं, तर शरीर पडून राहा म्हणून सांगतं आहे. ऐक त्याचं. सिझर झालं तर बाळापेक्षा जड काही सहा आठवडे उचलू नकोस. आणि सिझर झालं म्हणून बाळंतपण कमी प्रतीचं झालं, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाची कल्पना घरातल्या सगळ्यांना आत्ताच देऊन ठेव. पान्हा भरून येतो, छाती दगडासारखी होते, संप्रेरकं एकदम उतरतात आणि बाई कारण नसताना रडते. बहुतेकींना हे होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. घरच्यांना माहीत असलं म्हणजे 'एवढं देवाने दिलं आणि रडतेस काय?' हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाळाला छातीला कसं धरायचं हे प्रसूतीच्या आधीच एखाद्या अनुभवी परिचारिकेकडून समजून घे, आणि बाळ झाल्यावर पहिल्या दिवसापासून तिला हाक मार. स्तनाग्रांना चिरा पडल्यावर बोलावण्यात अर्थ नाही. प्रयत्न करूनही दूध पुरलं नाही आणि डॉक्टरांनी वरचं सुरू करायला सांगितलं, तर ते दे आणि बाळाकडे बघून हस.

प्रश्न: माझ्या पत्नीला पुढच्या महिन्यात तारीख दिली आहे. तिची आई आणि माझी आई दोघीही मदतीला येणार आहेत. मग माझं काम काय? मी रोज प्रार्थना करतोच. आणखी काय करावं?

उत्तर: भाऊ, तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला. प्रार्थना तुम्ही कराच, आणि ती तिच्याशेजारी बसून मोठ्याने करा. तिला शब्द सापडत नसतील त्या दिवसांत तुमचे शब्द तिच्या कामी येतील.

दुसरं काम दारावरचं. दोन्ही आया घरात असल्या तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आज नको' हे तुम्हीच सांगायचं. दोघींचं एखाद्या गोष्टीवर पटलं नाही तर निवाडा बाळंतिणीकडे न्यायचा नाही, तुम्ही करायचा. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल नवऱ्यांना सांगतो की माणूस आपल्या शरीराचं जसं पोषण करतो आणि त्याला जपतो तसं पत्नीला जपा. रात्री बाळ पिऊन झालं की त्याची ढेकर काढणं, लंगोट बदलणं, त्याला परत झोपवणं, हे पौलाच्या त्या वाक्यात बसतं. तिला रात्रीतून चार-पाच तासांची एक सलग झोप मिळाली तर तिच्या मनासाठी त्याहून मोठं औषध नाही.

तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि ते मी तुमच्यावरच टाकते, कारण तिला स्वतःला कळायला उशीर होऊ शकतो. पुढचं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतं आहे किंवा मोठ्या गाठी पडत आहेत. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर आहे. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो आहे. न थांबणारी डोकेदुखी आहे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके येतात. एकच पोटरी सुजली आहे, दुखते आहे. छातीत दुखतं किंवा धाप लागते. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. गरोदरपणी रक्तदाब चांगला होता म्हणून निश्चिंत राहू नका, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो पहिल्यांदाच चढू शकतो. 'प्रार्थना करू, उतरेल' असं म्हणून घरी थांबायचं नाही. प्रार्थना गाडीत करा.

जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर किमान चार तपासण्या सांगते: पहिल्या 24 तासांत, 48 ते 72 तासांत, 7 ते 14 दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. या तारखा तुमच्या फोनवर हव्यात. पतिपत्नीच्या संबंधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. अंगावरून जाणं थांबेपर्यंत आणि टाके भरेपर्यंत थांबा, आणि त्यानंतरही तिच्या मनाची तयारी होईपर्यंत थांबा. पाळी यायच्या आधीही दिवस जाऊ शकतात, म्हणून सहाव्या आठवड्याच्या तपासणीत दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोलून घ्या.

प्रश्न: ताई, माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. लग्नानंतर कित्येक वर्षांनी, सगळ्या मंडळीच्या प्रार्थनेने ते मिळालं. आणि मला काहीच वाटत नाही. बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही. सारखं रडू येतं. शास्त्र उघडलं की अक्षरं नुसती दिसतात. एक बहीण म्हणाली, तुझा विश्वास कमी पडतो आहे, उपकारस्तुती कर. मी करते, पण खोटं वाटतं. मी वाईट आई आहे का?

उत्तर: नाही, माझ्या लेकी. तू आजारी आहेस असं मला वाटतं, आणि या आजाराला उपचार आहे. आधी सांगितलेलं रडू दोन आठवड्यांत निवळतं. तुझं दोन महिने चाललं आहे, बाळ झोपलेलं असताना तुला झोप नाही, कशातच मन लागत नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची ही लक्षणं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्यच. त्यात विश्वासात वाढलेल्या आहेत, पाळकांच्या पत्नी आहेत, वर्षानुवर्षं मूल मागितलेल्याही आहेत. कष्टाने मिळालेलं मूल असलं की 'आता दुःखी व्हायचा मला हक्क नाही' असं वाटून बाई आणखी गप्प होते. तू गप्प राहिली नाहीस, पत्र लिहिलंस, हे फार चांगलं केलंस.

डॉक्टरांकडे गेलीस की ते बहुधा दहा प्रश्नांची एक छोटी यादी भरायला देतील. एडिंबरा प्रश्नावली म्हणतात तिला, 1987 पासून वापरात आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच तिच्यात विचारतात. आहे तसं लिही. विश्वासणाऱ्या बाईने काय लिहायला हवं, हा विचार तिथे करायचा नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तसा विचार, किंवा बाळाला काही करण्याचा विचार मनात आला असेल, तर उद्यापर्यंतही थांबू नकोस. आत्ता घरात जो आहे त्याला हे पान दाखव आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. समुपदेशन असतं, आणि बाळाला पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात. ती घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं नाही.

1 राजे 19 मध्ये एलीया एका झुडुपाखाली पडून म्हणतो की आता पुरे, माझा प्राण घे. कर्मेल डोंगरावर प्रार्थनेने अग्नी उतरवणारा हाच संदेष्टा. देवाने दूत पाठवला. दूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून भाकर आणि पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवून खायला दिलं, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही, असं तो म्हणाला. आणि उपकारस्तुती खोटी वाटते तर स्तोत्र 88 वाच. ते शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच राहतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि प्रार्थना म्हणूनच आहे. शब्द नसतील तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी उसाश्यांनी मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. तुझ्या वतीने प्रार्थना करायला मंडळी आहे. सध्या ती तिला करू दे.

तुझ्या घरच्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे लिहिते. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, याहून गंभीर आजार होतो. ती रात्रंदिवस झोपत नाही आणि थकल्यासारखीही दिसत नाही, आवाज ऐकू येतात म्हणते, भलतंच काही खात्रीने बोलते. ख्रिस्ती घरात ती 'देव माझ्याशी बोलला, बाळाबद्दल सांगितलं' असंही म्हणू शकते. याला कुणी दर्शन समजतात, कुणी भूतबाधा समजून हात ठेवायला माणसं बोलावतात, आणि मौल्यवान तास हातचे जातात. अशा वेळी तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वेळेवर उपचार मिळाले तर अशा बायका पूर्ण बऱ्या होतात, मी पाहिलं आहे.

प्रश्न: चाळीस दिवस होईपर्यंत बाळंतिणीने उपासनेला यायचं नाही, ती अशुद्ध असते, असं आमच्या मंडळीतल्या एक ज्येष्ठ भगिनी सांगतात. हे खरं आहे का? बाळाला मंडळीत कधी न्यावं?

उत्तर: चाळीस दिवस जुन्या करारातल्या लेवीय 12 मधले आहेत. मुलगा झाला तर 7 आणि 33 मिळून 40, मुलगी झाली तर 80. येशूची आई मरीया हिनेही ते पाळले आणि ऐपत बेताची म्हणून दोन पक्षी अर्पण केले, हे लूक 2 मध्ये आहे. काही मंडळ्यांत 2 फेब्रुवारीचा सण याचसाठी असतो, नाताळापासून तो चाळिसावा दिवस पडतो. पण तो नियम ख्रिस्ती आईवर बंधनकारक नाही. मार्क 5 मध्ये बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईने प्रभूच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा त्याने तिला मुली म्हणून हाक मारली. अंगावरून जातं म्हणून शास्त्राला हात लावू नये किंवा उपासनेला बसू नये, असं तुम्हाला कुणीही सांगू नये.

तरी त्या भगिनींच्या सांगण्यातली विश्रांती मी घेईन आणि अशुद्धपणा सोडून देईन. सहा आठवडे घरी राहिलात तर उत्तमच. त्याआधी मनाला फार ओढ लागली तर या, मागच्या बाकावर दाराजवळ बसा आणि बाळ रडलं की संकोच न करता उठा. बाळाला हातोहात फिरवू देऊ नका, कुणाला त्याचे मुके घेऊ देऊ नका, सर्दी-खोकला असलेल्यांना लांबूनच सलाम करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश ताप आला, तर तो रविवार असो की आणखी काही, बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.